उन्हाळ्यात शिखर गाठायचं, तर वेळ उतारावरून ठरवा

उन्हाळ्यातल्या ट्रेकमध्ये दगा देतो तो उतार. पहाटे चढताना हवा गार असते आणि वर जाल तशी आणखी गार होत जाते, सरासरी दर १००० मीटरला साडेसहा अंशांनी. त्यामुळे चढ निभावतो आणि मंडळी माथ्यावर निवांत रेंगाळतात. परतीला मात्र पारा दोन्हीकडून चढतो. खाली उतराल तसा चढतो आणि वेळ जाईल तसाही चढतो. पाणी तळाला गेलेलं, गुडघे बोलायला लागलेले आणि समोर शेवटचा, बहुतेक वेळा बिनसावलीचा टप्पा. म्हणून 'माथ्यावर किती वाजता पोचायचं' हा प्रश्न नंतरचा. आधी ठरवायचं ते 'पायथ्याला परत किती वाजता'. कडक उन्हाच्या दिवसांत याचं उत्तर १० वाजता, ओढूनताणून ११. बाकी सगळं या आकड्यातून वजा करत मागे यायचं.

वेळेचा हिशोब

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये सांगितलेला ठोकताळा आजही कामाला येतो. ढोबळमानाने, अंतराच्या दर ५ किलोमीटरला एक तास आणि चढाईच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. हा वेग धडधाकट माणसाचा आहे आणि त्यात विश्रांती धरलेली नाही. ग्रुप असेल, वाट अंधारातली असेल, कुणी नवखं असेल तर आलेल्या वेळेत पाव भाग वाढवा आणि वर तासाला ८-१० मिनिटं थांबण्याची धरा.

समजा, शिखर एका बाजूने ४ किलोमीटर आहे आणि पायथ्यापासून उंची ६०० मीटर. अंतराची ४८ मिनिटं, चढाईची ६०, एकूण १०८. पाव भाग वाढवला की १३५. विश्रांतीची २० धरली की सुमारे २ तास ३५ मिनिटं. उतरायला चढाच्या पाऊण पट वेळ धरावा, म्हणजे जवळजवळ २ तास. माथ्यावर अर्धा तास. पाच वाजता निघालात तर ७:३५ ला वर, ८:०५ ला परत फिरलात आणि १०:०५ ला खाली. सूर्योदय सहाच्या सुमारास असेल तर अंधारातली चाल जेमतेम तासाभराची होते. उन्हाळ्यातला पहिला शिखर-ट्रेक करणाऱ्यांसाठी हे माप अगदी योग्य.

आता हेच ६ किलोमीटर आणि ९०० मीटरसाठी करून बघा. चढायला जवळपास चार तास, उतरायला तीन, वर अर्धा. ११ ला पायथा गाठायचा तर पहाटे साडेतीनला निघावं लागतं आणि अडीच तास विजेरीवर चालावं लागतं. वाट आधी पायाखालून गेलेली असेल तर ठीक. नसेल तर हे शिखर थंडीसाठी राखून ठेवावं. उतरायला चढाइतकाच वेळ लागणाऱ्या वाटाही असतात. घसारा (सुट्या माती-खडीचा उतार), कातळटप्पे, शिड्या असतील तिथे पाऊण पटीचा हिशोब सोडून द्या आणि चढाइतकाच वेळ धरा.

यातून जी सगळ्यात महत्त्वाची वेळ निघते ती परत फिरण्याची. वरच्या उदाहरणात ती ८:०५. घड्याळात तेवढे वाजले की जिथे असाल तिथून मागे वळायचं, माथा शंभर मीटर वर दिसत असला तरी. ही वेळ आदल्या दिवशीच सगळ्यांसमोर ठरवून ठेवावी. 'एवढं आलोय तर आता' हा आग्रह वर गेल्यावर सुरू होतो आणि तेव्हा पडत्या आवाजात सांगितलेलं कुणी ऐकत नाही.

कातळटप्पा किंवा निसरडी आडवी वाट असेल तर ती कितव्या तासाला लागते हेही बघा. सूर्य उगवण्याच्या साधारण २५ मिनिटं आधी विजेरीशिवाय पायाखालचं दिसू लागतं. अवघड टप्पा त्याआधी येत असेल तर निघण्याची वेळ थोडी पुढे ढकला. दाट झाडीत आणि अरुंद घळीत हा उजेड उशिरा पोचतो.

कुठल्या बाजूची वाट

एकाच शिखरावर दोन वाटा असतील तर सकाळच्या ट्रेकसाठी पश्चिमेकडची घ्यावी. पूर्वेच्या उतारावर उगवल्यापासून ऊन पडतं आणि कोवळं असलं तरी थेट पाठीवर किंवा तोंडावर येतं. पश्चिमेचा उतार डोंगराच्याच सावलीत असतो आणि उतार तीव्र असेल तर ही सावली नऊ-साडेनऊपर्यंत पुरते, म्हणजे परतीचाही काही भाग त्यात निघून जातो. पूर्वेच्या वाटेचा एकच फायदा, तिच्यावर लवकर दिसू लागतं.

नकाशावर समोच्च रेषा बघताना उंचीबरोबर झाडी कुठे संपते तेही हेरा. उपग्रहचित्र चालू केलं की अर्ध्या मिनिटात कळतं. पठार, माळ, उघडा दांडा असे बिनसावलीचे तुकडे मोजून ठेवा. त्यातला सर्वात खालचा तुकडा हाच तुमच्या दिवसाचा खरा चढ. हवामानाच्या अंदाजात दिसणारं तापमान सावलीतलं आणि खालच्या गावा-शहराचं असतं. उन्हात उघड्यावर चालणाऱ्याला ते कितीतरी जास्त जाणवतं, आणि काळा कातळ दुपारपर्यंत इतका तापतो की आधाराला हात ठेवला तर चटका बसतो.

दमटपणाही बघा. घाम सुकला तरच अंग थंड होतं. हवा दमट असेल तर घाम नुसता ओघळतो, पाणी जातं आणि गारवा मिळत नाही. अशा ठिकाणी ३२ अंशसुद्धा कोरड्या ३८ पेक्षा वाईट. दमटपणाची टक्केवारी पहाटे सर्वात जास्त असते, त्यामुळे पाच वाजता गारव्यातही कपडे चिंब झाले तर घाबरून जायचं कारण नाही. मात्र पाणी तेव्हापासूनच प्यायला लागायचं.

पाणी: किती, कधी, कसं

गार हवेत तासाला अर्धा लिटर पुरतं. तापलेल्या उतारावर पाऊण ते एक लिटर लागतं. पाच तासांच्या ट्रेकला माणशी साडेतीन लिटर धरा. साडेतीन लिटर म्हणजे साडेतीन किलो, आणि ते पाठीवर जाणवतं. तरी वजन कमी करायचं असेल तर दुसरं काहीही काढा, पाणी काढू नका. वाटेत ओढा आहे, टाकं आहे, असं नकाशा म्हणत असला तरी उन्हाळ्यात ते कोरडं आहे असंच धरून चाला. पाणी असलंच तर ते गाळून, निर्जंतुक करून मगच पिण्याजोगं होतं.

वाटणी अशी: दीड लिटर चढायला, दोन लिटर उतरायला. बहुतेक जण नेमकं उलट करतात. माथ्यावरून निघताना प्रत्येकाच्या बाटल्या हातात घेऊन बघाव्यात. कुणाकडे अर्ध्याहून कमी उरलं असेल तर ते तिथेच कळलेलं बरं, कारण तिथे वाटून घेता येतं. नळीची पिशवी वापरणाऱ्यांनी हे आवर्जून करायचं. सॅकमध्ये पिशवी दिसत नाही, घोट घोट जात राहतं आणि शेवटी नळीतून हवा येते.

दोन बाटल्या आदल्या रात्री गोठवून नेल्या तर उतरताना गार पाणी मिळतं. बाटली पाऊणच भरा. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगतं आणि काठोकाठ भरलेली बाटली तडकते. गोठलेली बाटली चढताना उपयोगाची नसते, म्हणून ती चढायच्या पाण्यात धरू नका, उतरायच्या दोन लिटरमध्येच मोजा.

तहान लागण्याची वाट न बघता दर १५-२० मिनिटांनी दीडशे-दोनशे मिलिलिटर, म्हणजे चार-पाच मोठे घोट. पण अतिरेकही नको. तासाला सव्वा ते दीड लिटरच्या वर नुसतं साधं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. लक्षणं फसवी असतात. डोकं दुखतं, मळमळतं, बोटं सुजतात, माणूस भांबावतो. बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलंय आणि तो आणखी पाजतो. फरक ओळखायची खूण लघवीत आहे. अगदी पाण्यासारखी आणि वरचेवर होत असेल तर पाणी थांबवून खारं काहीतरी द्या आणि डॉक्टरकडे न्या. गडद पिवळी, थोडी होत असेल तर बहुधा पाणी खरंच कमी पडलंय.

यावर उपाय म्हणजे साडेतीनपैकी किमान एक लिटर ओआरएसचं न्यायचं. पुडी नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा सपाटच हवा, शीग लावून घेतलेलं मीठ दुप्पट होतं. एकाच पुडीत दोन लिटर पाणी किंवा अर्ध्या लिटरमध्ये अख्खी पुडी, दोन्ही चूक. पुडीवर लिहिलेल्या मापातच करा.

खाणं

निघण्याआधी तासभर हलकं काहीतरी: केळं, दोन-चार खजूर, एखादी पोळी-भाकरी किंवा ब्रेड. पोट गच्च भरलं तर पहिल्याच छातीवर येणाऱ्या चढाला सगळं घशाशी येतं. अगदी रिकाम्या पोटी निघालं तर तासाभरात पाय लटपटतात. वाटेत दर तासाला मूठभर सुकामेवा, खारे दाणे, खजूर, उकडलेला बटाटा मीठ लावून. मोठं जेवण माथ्यावर नको. खाऊन उतरायला सुस्ती येते आणि थोडं बसू म्हणता म्हणता पाऊण तास जातो. चॉकलेट वितळतं, तेलकट पदार्थांनी तहान वाढते. जेवण खाली.

बूट आणि कपडे

बुटांबद्दल सगळे ग्रिपचं बोलतात. उन्हाळ्यात आणखी एक गोष्ट तपासायला हवी. वर्ष-दोन वर्षं कपाटात पडून असलेल्या बुटांच्या तळव्यामधला फोमचा थर हवेतल्या ओलाव्याने आतून कुजत असतो. बाहेरून बूट नवाकोरा दिसतो आणि दोन तास चालल्यावर अख्खा सोल सुटून हातात येतो. आठवडाभर आधी बूट दोन्ही हातांनी वाकवून बघा, तळव्याच्या कडेच्या फोममध्ये अंगठ्याचं नख दाबा. चिरा दिसल्या, भुगा पडला तर तो बूट नेऊ नका. तरीही काही घडलं तर म्हणून पाण्याच्या बाटलीला रुंद, चिवट चिकटपट्टी दोन मीटर लांब गुंडाळून ठेवा. सुटलेला सोल बांधायला, फाटलेली सॅक जोडायला, पायाला फोड येण्याआधी कातडीवर लावायला, सगळ्याला तीच.

बूट अर्धा नंबर मोठा हवा. उतरताना पाय पुढे सरकतो, अंगठा बुटाला आपटत राहतो आणि दोन दिवसांनी नख काळं पडतं. नखं आदल्या दिवशी कापा. माथ्यावर लेस सोडून टाच मागे आपटून बसवा आणि घोट्याजवळ घट्ट बांधा. चढताना मात्र घोट्याजवळ थोडी ढील बरी. सुती मोजे घामाने ओले होऊन घासतात. जाडसर लोकरी-मिश्र किंवा सिंथेटिक घ्या आणि एक कोरडा जोड सॅकमध्ये. माथ्यावर मोजे बदलणं हे पाच मिनिटांचं काम, त्याने उतारावरचे निम्मे फोड टळतात. पायात कुठे गरम, चुरचुरल्यासारखं वाटलं की तिथल्या तिथे थांबून पट्टी लावायची. फोड आल्यावर लावलेली पट्टी फार काही करत नाही.

पूर्ण बाह्यांचा सैल, फिक्या रंगाचा शर्ट. सगळीकडून कड असलेली टोपी, कारण पुढेच कड असलेल्या टोपीने मान भाजते. सनस्क्रीन एसपीएफ ३० किंवा वरचं, चेहरा आणि मानेला मिळून चहाचा एक चमचाभर. अंधारात निघाल्यामुळे ते लावायचं राहूनच जातं. पहिल्या विश्रांतीला, उजाडायच्या सुमाराला लावायचं असं ठरवून टाका आणि दोन तासांनी पुन्हा. उंची वाढेल तसा अतिनील किरणांचा मारा दर १००० मीटरला सुमारे १० टक्क्यांनी वाढतो आणि हवा गार असल्यामुळे कातडी भाजतेय हे कळत नाही.

निघताना थोडी थंडी वाजत असेल तरच कपडे बरोबर आहेत. जाड जॅकेट घालून निघणारा दहाव्या मिनिटाला थांबतो आणि त्याच्यामुळे सगळे थांबतात. एक पातळ वाऱ्याचं जॅकेट सॅकमध्ये असू द्या. ओल्या अंगाने माथ्यावरच्या वाऱ्यात बसलं की उन्हाळ्यातही हुडहुडी भरते.

अंधारातला तास

हेडलॅम्प २०० ते ३०० ल्युमेनचा (उजेडाचं माप) पुरतो. सॅकमध्ये बटण दाबलं जाऊन तो रात्रभर जळतो आणि पहाटे मेलेला असतो, हे फार वेळा होतं. लॉक नसेल तर एक सेल उलटा घालून ठेवा. जादा सेल आणि ग्रुपमध्ये एक जादा विजेरी.

कपाळावरचा उजेड डोळ्यांच्याच रेषेतून जातो, त्यामुळे दगडांच्या सावल्या दिसत नाहीत आणि खाचखळगे सपाट वाटतात. वाट ओबडधोबड झाली की हेडलॅम्प काढून कमरेच्या उंचीवर हातात धरा. लगेच प्रत्येक दगडामागे सावली पडते आणि खोली कळते. धुकं किंवा धूळ असतानाही हाच उपाय. बोलताना दुसऱ्याच्या तोंडावर उजेड मारू नका. अंधाराला सरावलेले डोळे एका क्षणात दिपतात आणि पूर्ण सरावायला २० ते ३० मिनिटं लागतात.

आता वाट चुकण्याबद्दल, कारण पहाटेच्या ट्रेकमध्ये याचं कारण वेगळं असतं. चढताना सगळ्या सोंडा एकमेकींना मिळत माथ्याकडे जातात. थोडं इकडेतिकडे झालं तरी माणूस वरच पोचतो. उतरताना त्याच सोंडा फाटत जातात आणि प्रत्येक फाट्यावर चुकायला जागा असते. त्यात भर म्हणजे येताना अंधार होता, म्हणून हे फाटे डोळ्यांनी पाहिलेलेच नसतात. परतीला सगळं नवीन दिसतं. तेव्हा अंधारात लागलेल्या प्रत्येक फाट्यावर थांबून मोबाइलच्या ऑफलाइन नकाशात खूण टाका आणि मागे वळून विजेरी मारून एकदा बघून घ्या. ट्रॅक रेकॉर्ड करत राहा. नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं. विमान मोडवर ठेवलं तर बॅटरी वाचते. नकाशा घरूनच उतरवून, विमान मोडमध्ये उघडतोय ना, हे तपासून घ्या.

गुरांच्या वाटा फसवतात. त्या कमरेच्या उंचीला झुडपांत शिरतात, उतारावर आडव्या फुटत जातात आणि मध्येच विरतात. चेहऱ्याला फांद्या लागायला लागल्या की ती माणसांची वाट नाही असं समजा आणि शेवटच्या नक्की खुणेपर्यंत मागे या. कोरड्या ओढ्याच्या पात्रातून सरळ खाली जाऊ असं वाटतं, पण तसं जाऊ नये. पात्र सोपं वाटतं आणि अचानक धबधब्याच्या कड्यावर संपतं.

चढताना

पहिला अर्धा तास मुद्दाम हळू. एक पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. शब्द तुटायला लागले तर वेग जास्त आहे. तीव्र चढावर पावलं छोटी करा, गुडघ्याच्या उंचीच्या पायऱ्या टाळून बाजूच्या दोन छोट्या पायऱ्या घ्या. फार दमछाक होत असेल तर मागचा पाय सरळ, ताठ करून वजन हाडावर क्षणभर टेकवायचं, मग पुढचं पाऊल. प्रत्येक पावलाला ही अर्ध्या सेकंदाची विश्रांती मिळते आणि न थांबता तास-दीड तास चालता येतं. धावत जाऊन थांबणं, पुन्हा धावणं, यात दम आणि पाणी दोन्ही जातं.

लीडच्या, म्हणजे सगळ्यात पुढे चालणाऱ्याच्या, मागे ग्रुपमधला सगळ्यात हळू माणूस ठेवा. त्याला शेवटी ठेवलं तर तो पोचेपर्यंत बाकीच्यांची विश्रांती झालेली असते, सगळे उठतात आणि ज्याला खरी गरज होती त्याला विश्रांती मिळतच नाही. बॅकलीड, म्हणजे सगळ्यात शेवटी चालणारा, अनुभवी हवा, आणि त्याच्या मागे कुणीही राहता कामा नये.

उतार

कोरड्या उतारावर कठीण मुरमावर पसरलेली बारीक खडी ही सर्वात वाईट जमीन. पाय ठेवला की दाणे छर्ऱ्यांसारखे फिरतात. घसरायच्या भीतीने माणूस मागे झुकतो, वजन टाचेवर जातं आणि त्यानेच तो बसतो. उलट करायचं. गुडघे किंचित वाकवून, अंग थोडं पुढे, पावलं छोटी, अख्खा तळवा एकदम टेकवायचा. जमिनीत रुतलेले दगड, गवताची बुडखी, झाडाच्या मुळाजवळची माती अशा जागा शोधत जा. फार तीव्र असेल तर आडवं उभं राहून एकेक पाऊल. वाळलेल्या गवतावर बूट सटासट सरकतात, तिथेही हाच नियम. काठ्या असतील तर चढाच्या मानाने ५ ते १० सेंटिमीटर लांब करा. कातळटप्प्यावर मात्र त्या सॅकला अडकवा आणि तोंड डोंगराकडे करून उतरा. हात कपारीत घालण्याआधी आत बघा. उन्हाळ्यात साप, विंचू सावलीच्या खाचेत असतात.

घसाऱ्यावर एकाच्या थेट खाली दुसऱ्याने उभं राहू नये. दगड सुटला की कितीही छोटा असो, मोठ्याने 'दगड' ओरडायचं. खालच्याने मान वर करून बघत बसायचं नाही, डोकं सॅकखाली घेऊन कड्याला चिकटायचं.

रखरखीत उन्हात शेवटचा तुकडा उरला असेल तर त्याआधीच्या शेवटच्या झाडाखाली दहा मिनिटं थांबा. टोपी, रुमाल, शर्टाची मान पाण्याने भिजवा. कोरड्या हवेत हा गारवा वीस-पंचवीस मिनिटं टिकतो. प्यायच्या पाण्यातलं पावभर यासाठी खर्च करायला हरकत नाही, पण पुढे अर्ध्या तासाचीच वाट आहे याची खात्री असेल तरच.

ढग आणि वीज

उन्हाळ्यातला वादळी पाऊस सहसा दुपारनंतर येतो, पण खुणा सकाळीच दिसतात. नऊ-दहाच्या आत कापसासारखे ढग रुंदीपेक्षा उंचीत वाढू लागले तर दिवस बिघडणार. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा, तीनने भागा, तेवढे किलोमीटर ती दूर. ३० सेकंदांच्या आत ऐकू आली तर तुम्ही धोक्यात आहात. माथा, दांडा, एकटं झाड, लोखंडी शिड्या-रेलिंग सोडून खाली यायचं. उघड्यावर सापडलातच तर आडवं पडू नका. सॅकवर उकिडवं बसा, पाय जुळवून, एकमेकांपासून लांब. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाईपर्यंत पुन्हा वर जायचं नाही.

ऊन लागलं तर

पोटऱ्यांत गोळे येणं ही पहिली सूचना. सावली, ओआरएस, हलका ताण. पुढची पायरी म्हणजे घामाने निथळणं, कातडी गार-चिकट, चक्कर, मळमळ, डोकेदुखी. झोपवा, पाय वर, कपडे सैल, घोट घोट ओआरएस, वारा घाला. अर्ध्या तासात आराम पडला तरी तो माणूस त्या दिवशी वर जात नाही. एक जण सोबत घेऊन खाली. आराम पडलाच नाही तर मदत बोलवा.

खरा उष्माघात ओळखायची खूण डोक्यात असते. असंबद्ध बोलणं, चिडचिड, झोकांड्या, दिवस-वार न सांगता येणं, शुद्ध हरपणं. अंगाचं तापमान ४० अंशांवर गेलेलं असतं. 'घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही' हा समज जिवावर बेततो. चालून चालून झालेल्या उष्माघातात घाम पुष्कळदा चालूच असतो. इथे क्रम महत्त्वाचा: आधी थंड करा, मग हलवा. सावलीत झोपवून कपडे काढा, असेल नसेल ते पाणी अंगभर ओता आणि सतत वारा घाला. गोठवलेली बाटली असेल तर मान, काखा, जांघा. त्याच वेळी दुसऱ्याने मदतीला फोन लावायचा. शुद्धीवर नसलेल्याला पाणी पाजू नका, ते फुफ्फुसात जातं. तापाच्या गोळीचा इथे उपयोग नाही.

फोन लागत नसेल तर शिट्टी. मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. उत्तर मिनिटात तीन शिट्ट्यांचं असतं. घरी कुणाला तरी वाट, परतीची वेळ आणि 'किती वाजेपर्यंत फोन नाही आला तर हालचाल करायची' ही तिन्ही सांगून ठेवलेली असली पाहिजेत.

कुणी येऊ नये हेही स्पष्ट सांगावं. नुकताच ताप किंवा जुलाब झालेले, रात्री दारू प्यायलेले, तीन तासही न झोपलेले. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या किंवा सर्दी-अ‍ॅलर्जीची काही औषधं घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून. दिवसभर एसीत बसणाऱ्याचं शरीर उन्हाला सरावायला आठवडा ते दोन आठवडे लागतात, म्हणून आधीचे पंधरा दिवस संध्याकाळच्या उन्हात रोज तासभर चालावं.

वाळलेल्या गवतात काडी, सिगारेट, चूल काही नको. मधमाश्यांची पोळी असलेल्या कड्याखालून जाताना अत्तर, धूर, आरडाओरडा टाळा. माश्या उठल्याच तर हात न झटकता तोंड झाकून पळायचं.

खाली आल्यावर

लगेच गाडी चालवायला बसू नका. पहाटे अडीच-तीनला उठलेल्या, सुकलेल्या माणसाला स्टिअरिंगवर डुलकी लागते. अर्धा तास सावलीत, ओआरएस, खाणं, मग निघा. गवतातून आला असाल तर मोज्यांची कड, गुडघ्यामागे आणि कमरेला गोचीड चिकटली आहे का ते बघा.

पुढच्या वेळचं पाणी अंदाजाने भरायचं नसेल तर एक सोपी मोजणी आहे. घराजवळच्या टेकडीवर तासभर, ट्रेकच्या वेगाने चढ-उतार करा. आधी आणि नंतर अंग पुसून, कमीत कमी कपड्यांत वजन करा. घटलेल्या दर किलोमागे एक लिटर घाम धरा आणि मध्ये प्यायलेलं पाणी त्यात मिळवा. ७०० ग्रॅम घटलं आणि ३०० मिलिलिटर प्यायलात, तर तासाला एक लिटर जातंय. एवढं सगळं भरून काढायची गरज नसते, पाऊण भाग पुरे. पण कुणाचा हा आकडा ६०० मिलिलिटर येतो, कुणाचा १४००, आणि ग्रुपचं पाणी माणशी सारखंच धरलं तर कमी पडतं ते नेहमी १४००वाल्याला.